दोन दिवस हरवलेला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली रबराची पट्टी आणि पट्टीवर उलटे कोरलेले दोनच शब्द. कागदावर टेकलो की ते सुलटे होतात आणि वाचता येतात : 'साभार परत'. ज्यांनी ज्यांनी ते वाचले, त्यांना मी कधी आवडलो नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. शिक्केवाल्यानं रबर कोरलं, मूठ घासून गुळगुळीत केली, कोऱ्या कागदावर ठसा उमटवून डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "झकास! पंचवीस वर्षं याला मरण नाही." माझ्या शेजारी 'मंजूर' नावाचा शिक्का वाळत होता. आम्ही दोघं रबराच्या एकाच पट्टीतून कापलेले. पण तो कुठल्याशा कचेरीत गेला आणि लोक त्याला पाहून हसू लागले. माझ्या वाट्याला उसासे आले. ज्याचं त्याचं नशीब.

मी एका मासिकाच्या कार्यालयात आलो. खाली छापखाना, वर दोन खोल्या. यंत्र सुरू झालं की टेबलावरचे पेले थरथरायचे. महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांसाठी निघणारं ते मासिक होतं. परीक्षा कशा असाव्यात, पदवी घेऊन मुलांना नेमकं काय येतं, असे सगळे उच्च शिक्षणाचे विषय. शेवटची चार पानं मतांची. त्या पानांसाठी लांबलांबून लेख यायचे.

संपादक म्हणजे निवृत्त प्राचार्य. सगळे त्यांना 'सर' म्हणत. माणूस सरळ, वेळेचा पक्का. पण त्यांची एक सवय होती. लेख हातात आला की ते आधी शेवटचं पान उलटत आणि नावाखालचा हुद्दा बघत. प्राध्यापक, प्राचार्य असेल तर लेख उजव्या टोपलीत. नसेल तर डाव्या. "ज्या गावाला आपण गेलो नाही, त्याची वाट दुसऱ्याला सांगू नये," असं ते म्हणत.

डावी टोपली माझी.

त्यांचाच आणखी एक दंडक होता आणि तो चांगला होता. कुणाचाही कागद ठेवून घ्यायचा नाही. परत पाठवायचा, आणि परत का पाठवला याची दोन ओळींची कारणं स्वतःच्या हातानं लिहायची. वर्षभर त्यांनी ती लिहिली. मग बोटं दुखू लागली आणि मला करून आणलं. मी असलो की कारण लिहावं लागत नसे.

मला हाताळायच्या त्या ताई. कार्यालयाचं टपाल त्यांच्याकडे होतं. आवाज इतका हळू की पंखा फिरत असला तर दोनदा विचारावं लागे. रोज निघताना त्या मला जुन्या फडक्यानं पुसून ठेवत. आणि त्यांचा एक नेम होता : न वाचता शिक्का मारायचा नाही. डाव्या टोपलीतला प्रत्येक लेख त्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पुटपुटत वाचत. मग शेवटच्या पानाच्या पाठीवर, अगदी कोपऱ्यात, मला अलगद टेकवत. "तोंडावर कशाला मारायचं? दुसरीकडे पाठवता यायला हवा बिचाऱ्यांना," त्या म्हणायच्या. मी जगातलं जे काही शिकलो, ते त्यांच्या पुटपुटण्यातून.

एकदा निळ्या रेघांच्या वहीच्या कागदावर एक लेख आला. नावाखाली हुद्दा होता, 'प्रयोगशाळा परिचर'. एका विज्ञान महाविद्यालयात बावीस वर्षं काचेची भांडी धुणाऱ्या बाई होत्या त्या. लेख डावीकडे गेला. मग दुसरा आला. मग तिसरा. मुद्रितं तपासणारे आजोबा चष्म्यावरून बघत विचारायचे, "काय ताई, आली का काचवालीची चिठ्ठी?" तिन्ही लेखांच्या पाठीवर मी टेकलो. तिसऱ्या वेळी ताईंचा हात थोडा थांबला होता.

चौथा लेख आला त्या दुपारी त्या नेहमीसारख्या पुटपुटत होत्या. मला आठवतं ते असं :

'पूर्वी आमच्याकडे वर्षाला चाळीसएक परीक्षानळ्या फुटायच्या. गेल्या वर्षी दोन फुटल्या. प्राचार्यांनी सभेत माझं कौतुक केलं, काच जपावी तर बाईंनी. मी मान खाली घातली. मी काही जपलं नव्हतं. मुलांनी हातच लावला नव्हता. उत्तरं आधीच्या मुलांच्या वह्यांतून उतरवून घेतात. मी धुवायला घेते त्या नळ्या धुतलेल्याच असतात. आता म्हणतात, वापर नाही तर प्रयोगशाळा बंद करू, प्रयोग पडद्यावर दाखवू. पुढच्या महिन्यातल्या सभेत ते ठरणार आहे. मला एवढंच विचारायचं आहे, ज्या हातून कधी काही फुटलं नाही, तो हात शिकला कधी?'

ताईंनी मला उचललं. शाईवर टेकवलं. कागदावर धरलं. आणि मग, मित्रांनो, त्यांनी मला फडक्यानं पुसलं, त्याच फडक्यात गुंडाळलं आणि आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "ताई, डावी टोपली तुंबलीय. काय झालं?"

"शिक्का जागेवर नाही, सर."

हे खोटं नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्या अर्धं खरं बोलल्या असाव्यात.

"कंटाळला असेल हो," आजोबा म्हणाले. "रोज उठून नन्नाचा पाढा! किती म्हणायचा त्यानं तरी?"

"आता काय करायचं?" सर म्हणाले.

"नवा करून यायला दोन दिवस लागतील. तोवर... दंडक तुमचाच आहे, सर. कारण हातानं," ताई म्हणाल्या.

सरांनी सुस्कारा सोडला आणि पेन उघडलं. टोपलीत सगळ्यात वर निळ्या रेघांचे कागद होते. ते वर कुणी ठेवले, हे मी सांगायला नको. त्यांनी सवयीनं शेवटचं पान उलटलं, हुद्दा पाहिला आणि लिहिलं, 'साभार परत. कारण –'

पेन तिथंच थांबलं. कारण लिहायचं तर लेख वाचायला हवा. त्यांनी पहिलं पान काढलं.

मी पिशवीत होतो, मला दिसत नव्हतं; कोणी काय केलं ते ताईंनी मागाहून मला पुसताना पुटपुटत सांगितलं. पान उलटल्याचा आवाज आला. खाली यंत्र धडधडत होतं, ते थांबलं. पुन्हा पान उलटलं.

"ताई."

"हो, सर?"

"कारण काय लिहू?"

"तुम्ही म्हणाल ते."

"विषय आपला नाही म्हणावं, तर आपलाच आहे. माहिती कच्ची म्हणावं, तर ही बाई नळ्या मोजून सांगतेय." सरांनी कागद खाली ठेवले. मग त्यांचा आवाज खाली आला. "मीही दर वर्षी सभेत हेच कौतुक करायचो. तूटफूट कमी म्हणून. आमच्याही बाईंनी मान खाली घातली होती. मला वाटलं, लाजल्या."



"यांचे आधीचे तीन गेलेत परत, सर," ताई हळूच म्हणाल्या.

"मी वाचले होते?"

ताईंनी डावी टोपली सरळ केली. आजोबांनी मुद्रितांत डोकं खुपसलं.

सरांनी आपली अर्धी ओळ खोडली आणि लेख उजव्या टोपलीत ठेवला. "हुद्दा काय छापायचा?" आजोबांनी विचारलं. "आहे तोच. ठळक."

मग ताईंनी मला बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. "शिक्का माझ्या पिशवीत होता, सर. चुकले मी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. "राहू द्या पिशवीतच दोन दिवस," ते म्हणाले. "बरंच वाचायचं राहिलंय."

लेख सभेच्या आधी छापून आला. सरांनी बाईंना पत्र लिहून आधीचे तीन लेखही मागवले. महिने गेले. ताई रोज टपालात निळ्या रेघा शोधायच्या. शेवटी एक कार्ड आलं. सरांनी ते उभं राहून वाचलं :

'लेख सभेत वाचून दाखवला. प्रयोगशाळा राहिली. यंदा एकेचाळीस नळ्या फुटल्या, कळवायला आनंद होतो. आधीचे तीन लेख मात्र पाठवता येत नाहीत. कागद पाठकोरे होते, म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या कापून बाटल्यांना लावल्या. क्षमा असावी.'

सर खाली बसले. त्या तीन लेखांत काय होतं, हे आता लिहिणाऱ्या बाईंखेरीज जगात ताईंनाच थोडंफार आठवत होतं, आणि मला.

आता लेख संगणकावर येतात आणि बोटाच्या एका टिचकीनं परत जातात. मी खणात पडून आहे. रबर कडक झालंय, शाईची गादी वाळलीय. मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, परत करणं वाईट नसतं. सगळंच काही छापता येत नाही. पण उद्या तुमच्या हाती माझ्यासारखं काही आलं, तर आधी ताईंसारखं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. कारण परत गेलेलं प्रत्येक वेळी पुन्हा येत नाही.

त्या कार्डाच्या तळाशी आणखी एक ओळ होती : 'एका बाटलीवरच्या चिठ्ठीत तुमचा शिक्काही आला आहे. मुलं वाचून हसतात, आणि बाटली जागेवर परत ठेवतात.'