डाव्या हाताची कुकी

विजेच्या बीटरच्या वायरीत पाय अडकून ताई पडल्या, तेव्हा बीटरही गेला आणि उजवं मनगटही. बीटर भंगारात गेला, मनगट प्लास्टरमध्ये. आणि दोनच दिवसांनी धाकट्या भावाच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचं उद्घाटन होतं. पाहुण्यांसाठी कुकीज ताई करणार, हे कधीच ठरलेलं.

भावाचा फोन आला. "ताई, राहू दे. मी विकतच्या आणतो."

"आण की. पण मग मला बोलावू नकोस," म्हणत ताईंनी फोन ठेवला आणि त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, बाह्या वर करा."

त्यांचे यजमान, म्हणजे घरातले 'साहेब', बसड्रायव्हर. आयुष्यभर स्टिअरिंग फिरवलेलं, पण स्वयंपाकघरात त्यांची मजल चहापलीकडे गेलेली नव्हती. "अगं, मला कसं जमणार?"

"हात माझा मोडलाय, डोकं नाही. मी सांगते तसं करा."

ताईंची पाठ वळताच साहेबांनी वेळ वाचवायला लोणी गॅसवर ठेवलं. त्याचं पातळ तेल झालं, नि पहिल्या ट्रेमधल्या कुकीज ओव्हनमध्ये पसरून सपाट झाल्या. साहेब खाली मान घालून उभे.

"आता नवीन लोणी काढा," ताई म्हणाल्या. रागवायला वेळच नव्हता.

या वेळी लोणी आपोआप मऊ होऊ दिलं. साखर घातली. पसरट भांडं ओल्या फडक्यावर ठेवलं, म्हणजे ते फिरणार नाही. लाकडी चमच्याच्या पाठीने दाबत, घासत साहेब फेटू लागले. थोड्या वेळाने थांबले.

"झालं ना?"

"अजून पिवळं दिसतंय. चालू द्या."

त्यांच्या कपाळावर घाम आला. मग ताईच उठल्या, डाव्या हाताने चमचा घेतला. सुरुवातीला चमचा भलतीकडेच जायचा, पण हळूहळू हाताला वळण लागलं. लोणी फिकं, हलकं, फुगल्यासारखं झालं. साहेब पाहतच राहिले. अंडं पडलं, मैदा पडला.

"आता जास्त ढवळायचं नाही, कडक होतील," म्हणत ताईंनी गोळा फ्रिजमध्ये ठेवायला दिला.

संध्याकाळी कडा सोनेरी झालेल्या कुकीज निघाल्या. काही जाड, काही पातळ, एखादी चक्क वाकडी. ताईंनी एक मोडली. खुसखुशीत आवाज आला.

"बघा, बीटरशिवाय झाल्या की नाही?"

"मी तर म्हणतच होतो!" साहेब म्हणाले. ताईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते निमूटपणे भांडी घासायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाहुण्यांनी डबा बघता बघता रिकामा करत आणला. शेवटच्या चार कुकीज भावाने गुपचूप काउंटरखाली सरकवल्या. ताईंनी ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.