पाचवा फोटो

शिशाचा तो गोळा — मासेमारीच्या जाळ्याचा, बोराएवढा, बाजूने चेपलेला — अजून कॅमेऱ्याच्या दोरीला लोंबत होता, आणि सुमियाती तो मुठीत धरून संगणकाच्या पडद्याकडे बघत होती. चौथ्या फोटोत जवळ रोवलेल्या बांबूने मागचा मशिदीचा मिनार पुरता झाकलेला. पाचव्यात तोच मिनार बांबूच्या उजवीकडे सुटा उभा. सहाव्यात पुन्हा झाकलेला...

मागच्या अंगणात बायका आपेम, तांदळाची घावनं, भाजत होत्या. बापाक, तिचे वडील, गेल्याचा आज चाळिसावा दिवस. संध्याकाळी प्रार्थनेला गाव येणार, आणि त्या वेळी भिंतीवर गावाचा लांब फोटो हवा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं होतं. दरवर्षी एक निघतो. ओहोटीला, उजाडता उजाडता, बांधावर एकाच जागी उभं राहून डावीकडून उजवीकडे वळत नऊ फोटो काढायचे आणि मग ते हुगिनमध्ये जोडायचे — हुगिन म्हणजे कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी फावल्या वेळात लिहून सगळ्यांना फुकट वाटलेला प्रोग्राम. ती तो चुका करत करत शिकली. ओहोटीलाच का, तर तेव्हा गाव जास्त दिसतं. तरी समुद्र आत येतोय, दर वर्षी थोडं कमीच. दोन वर्षांपूर्वी शेजारचा पाक वागिमिन कॅमेऱ्यामागून धावत जाऊन फोटोच्या दोन्ही टोकांना उभा राहिला होता, आणि त्याची बायको बू तार्सी म्हणाली होती, एक सांभाळताना नाकी नऊ येतात, दुसरा कुणाच्या पदरात घालू?

या वर्षी सुमियाती तापाने फणफणलेली, म्हणून नवऱ्याला, कस्नावीला, पाठवलं. आदल्या दिवशी त्याला अंगणात उभं करून धडा दिला होता. जमिनीवर शिंपला ठेवायचा, गोळा त्या शिंपल्यावरच राहिला पाहिजे, कॅमेरा गोळ्याभोवती फिरला पाहिजे. कस्नावी हसत होता — म्हणे, नमाजाला एवढी ताठ उभी राहत नाहीस. ती चिडली. माझ्या कानीकपाळी ओरडण्याला काही अर्थ आहे का, एक पाऊल सरकलास तरी सगळं वाया जाईल, कुणी हाक मारली तरी हलायचं नाही. कुणी म्हणजे कुणीही.

पाचव्याच फोटोत तो हलला होता.

प्रोग्राम असं काही बोलत नाही. दोन फोटोंत तोच बांबू, तोच मिनार दाखवून द्यायचा, मग तो सांगतो किती अंतर पडलं. पहिल्या चारांत दोन, तीन ठिपके. इथे एकसष्ट. तिने खुणा पुसून पुन्हा लावल्या, पुन्हा पुसल्या... पण बांबू मिनारावरून सरकला म्हणजे माणूस उजवीकडे सरकला, त्याला दुसरा अर्थ नाही. उजवीकडे म्हणजे जिथून माशांच्या तळ्यांवरची बांबूची वाट सुरू होते. आणि त्या वाटेवर, चौथ्या फोटोत, नखाएवढे बापाक. चौकड्यांची लुंगी. पाचव्यात वाट रिकामी. सहाव्यातही.

मी झोपले होते. दार लावलं नव्हतं.

त्या सकाळी बापाक तळ्यात बुडाले, तेव्हापासून तो चाळीस दिवस एकच सांगत आला होता — मला काही दिसलं नाही, मी जागेवरून हललो नाही. लोकांना, मशिदीतल्या म्हाताऱ्यांना, तिला. तिला वाटायचं, माणूस स्वतःला वाचवतोय. जेवताना त्याच्या मानेकडे बघत ती तेवढंच मनात घोळवत बसायची. आता सापडलं. एक पाऊल टाकलं, थबकला, थबकताना बोट दाबलं गेलं — आणि परत शिंपल्यावर. परत का? सहावा, सातवा, आठवा, नववा, एकही हललेला नाही. इतके सुरेख तर मलाही जमले नसते.

कस्नावी केळीची पानं खांद्यावर घेऊन आत आला. पायाला चिखल.

"जुळलं का, दिक?" तो तिला लाडाने दिक म्हणायचा, ती त्याला मास.

"पाचवा जुळत नाही, मास."

पानं खाली ठेवायला त्याला फार वेळ लागला. देठांची टोकं एका रेषेत आणली.

"तो टाकून दे ना. चौथा आणि सहावा जोडता येईल की."

येईल. आणि चौथा वर ठेवला तर बापाक कायमचे वाटेवर उभे राहतील. तिने त्याच्याकडे बघितलं.

"मी हललो नाही, सुमी," तो म्हणाला. हळू. शाळेतल्या पोरानं बाईंना सांगावं तसं... आणि तिला पहिल्यांदाच कळलं की हे वाक्य त्याने चाळीस दिवस कुणाला सांगितलं होतं. बापाकांच्या मुलीला नव्हे. अंगणात धडा देणारीला.

तो पानं उचलून बायकांकडे गेला. बाहेर कुणीतरी त्याला टोचलं, पानं कापायला गेला होतास की लावायला, आणि बायका हसल्या.

बापाकांच्या लक्षात शेवटी शेवटी नावं राहिली नव्हती. जावयाला, बकरीला, पाण्याला — सगळ्यांना ते एकाच नावाने हाक मारायचे. सुमी. ती हाक आता तिला ऐकू येत होती, ओहोटीच्या चिखलावरून, दोनदा, मग अर्धी. आणि टेबलाखाली तिचे पाय एकमेकांना घट्ट चिकटून जमिनीला रुतले होते, हलत नव्हते.