मामांच्या ऐंशीसाठी केलेली धून

मासे विकणाऱ्या बाईनं पियानो वाजवू नये, असं आमच्या कुमासी शहरात कुठं लिहून ठेवलंय का? तरी लोक हसतातच. "बिरागो, तुझ्या धुनेला बांगड्याचा वास येतो गं!" येऊ दे. दिवसभर बर्फाच्या लाद्यांतून बांगडे सोडवते आणि संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत पियानोवर बसते. एक शाळा बंद पडली तेव्हा घेतलेला जुना पियानो आहे. मधली एक पट्टी दाबली की वर यायचं नावच घेत नाही. नवी धून जमली की फोनवर भरते आणि ओळखीच्यांना पाठवते. ऐकतं कोण? अंगठ्याचं चिन्ह टाकतात आणि पुढं सरकतात. माझी आई तर म्हणते, "भांडी पडल्यासारखं वाजतं."

तर मामांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यांच्यासाठी धून केली. वडील गेल्यावर मला ह्याच मामांनी वाढवलं. पहाटे दुकान उघडायच्या आधी ती स्टेटसवर टाकली, सोबत त्यांचा फोटो. खाली लिहिलं, 'ओपानिन क्वाकू अग्यापोंग, वय ऐंशी. मामा, सगळ्यासाठी आभार.' ओपानिन म्हणजे आमच्यात मानाचा वडीलधारा. फोटो चांगला हवा म्हणून शोधून शोधून एकच सापडला. काळं वस्त्र खांद्यावर, चेहरा गंभीर. आमच्याकडं म्हाताऱ्यांचे चांगले फोटो निघतात ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंत्यविधीलाच. एरवी कोण एवढं नटतंय?

आदल्या दिवसापासून वीज गेलेली. धून टाकली आणि फोननं मान टाकली. मी आपली मासे वितळायच्या आत खपवायच्या मागं.

तेवढ्यात शेजारची टोमॅटोवाली अफ्राकोमा आली. डोक्याला काळं फडकं बांधलेलं. माझे ओले हात हातात घेतले आणि आमच्या रीतीनं सांत्वन करत गळाच काढला, "दुए, बिरागो, दुए! एवढा मोठा माणूस गेला आणि तू मासे विकतेयस?"

"कोण गेलं?"

"अगं, तूच तर टाकलंस सकाळी! मामांचा फोटो, वय, आणि ते रडकं वाजवणं."

डोंबल माझं! काळं वस्त्र, वय, आभार आणि संथ पियानो. आमच्याकडं मेल्याची बातमी हुबेहूब अशीच येते. मी एवढी मोठी बाई, मला कसं सुचलं नाही? वर फोननं स्टेटसवर धुनेचे तुकडे केलेले. पहिल्या तुकड्यात नुसता संथ भाग. पुढचा ऐकायला थांबतोय कोण, सगळे डोळे पुसण्यात गुंग.

"अगं बाई, जिवंत आहेत मामा! वाढदिवस आहे त्यांचा!"

अफ्राकोमानं कपाळावर हात मारला. "आणि ते आपल्या गल्लीतले बोआटेंग काका? चार माणसं घेऊन ते मगाशीच माम्पोंगला निघाले. तुझ्या आईला सांगायला."

गेल्या वर्षी आईच्या डोक्यात रक्त साकळलं, उजवा हात लुळा पडला. डॉक्टरनं बजावलं होतं की आता हिला धक्का सोसायचा नाही, दुसऱ्या वेळी ती उठणार नाही. आणि तिचा उरलेला भाऊ हा एकच. तो गेल्याचं ऐकलं तर तिच्यामागं मलाच खरंखुरं काळं नेसावं लागलं असतं. तेही माझ्याच धुनेपायी.

अफ्राकोमाचा फोन हिसकावला. बोआटेंग काकांचा नंबर कुणाला पाठ? आईच्या शेजारणीचा, दुफीचा, तेवढा आठवत होता. वाजला, वाजला, कुणी उचलला नाही. आणि मेलं आमच्यात एक सरळ फोन करून विचारायचीही सोय नाही. 'तुमचे मामा गेले का हो,' असं विचारणं अशुभ! न विचारता उठायचं, काळं नेसायचं, निघायचं.

दुकान उघडं टाकून मी मामांच्या घरी पळाले. मामा अंगणात कोको पीत बसलेले.

"मामा, उठा. माम्पोंगला चला."

"आज माझा वाढदिवस आहे. मी कुठं जात नाही."

"मामा, गावभर तुम्ही मेलाय! आईला सांगायला माणसं गेलीत!"

त्यांनी पेला खाली ठेवला. काठी शोधली. "कुणी मारलं मला?"

"मी," म्हटलं आणि त्यांना टॅक्सीत कोंबलं.

टॅक्सीवाला येबोआ आमच्याच गल्लीतला. आरशात मामा दिसले तसं त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मावशी, हे... हे..."

"जिवंत आहेत. हाक गाडी!"

"पण मी सकाळी रडलो की हो ह्यांच्यासाठी!"

"मग आता हस, पण हाक!"

माम्पोंगचा चढ लागला आणि पुढं लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक आडवा. गाड्यांची रांगच रांग. मी खाली उतरून ट्रकवाल्याला शिव्या घातल्या. त्यानं काय हलणार? मामा काचेतून बाहेर बघत होते. एकदम म्हणाले, "तुझी आई नुकती चालायला लागली होती, तेव्हा मी तिला पाठीवर घेऊन हा चढ चढलोय." मी त्यांचा हात धरून ठेवला. मनात एकच चाललेलं, आता काका अंगणात पोचले असतील, आता बसले असतील, आता बोलले असतील.

एकच आशा होती. आमच्यात बातमी घेऊन आलेला माणूस थेट तोंड उघडत नाही. आधी त्याला पाणी द्यायचं. मग सगळ्यांशी हात मिळवायचे. मग घरच्यानं सांगायचं की इथं सगळं शांत आहे, तुम्ही वाट चालून आलात, काय बेत? आणि बोआटेंग काका म्हणजे बोलघेवडा माणूस. पावसापाण्यापासून सुरुवात करतील. जन्मभर त्यांच्या लांबणीला शिव्या दिल्या, त्या दिवशी मात्र हात जोडले. देवा, काकांची जीभ आज आणखी लांब कर.

ट्रक हलला. येबोआनं गाडी अशी पळवली की मामांनी दोनदा देवाचं नाव घेतलं.

अंगणाच्या तोंडाशी पोचलो तर सुतकाच्या काळ्या-लाल वस्त्रांतल्या गावच्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या. समोर बोआटेंग काका उभे, हातात पाण्याचा रिकामा पेला. आई खुर्चीत, लुळा उजवा हात मांडीवर. काका म्हणत होते, "...तर मोठं झाड वाऱ्यानं हललं, की त्याच्या सावलीतल्यांनी..."

"काका, गप्प बसा!" मी ओरडले.

सगळे वळले. मागून मामा काठी टेकत, पाय ओढत आले. एक बाई किंचाळली. काकांच्या हातातून पेला निसटला. मी मात्र आईकडंच बघत होते. डोळे मिटतात की काय, मान कलंडते की काय.

आईनं मामांकडं पाहिलं. म्हणाली, "उशीर केलास. यामचे कंद कधीचे शिजलेत."

मला काही सुधरेना. "आई, तुला... ह्यांनी काही सांगितलं नाही ना?"

"कशाला सांगायला हवं? सकाळीच दुफीनं फोन आणून दाखवला. तीसुद्धा रडत होती वेडी."

"मग तू?"

"मी म्हटलं, पुढचं लाव. सगळं लाव." आई काकांकडं वळली. "बोआटेंग, तू पुढचं ऐकलंस का रे?"

काका खाली वाकून पेल्याचे तुकडे वेचायला लागले.

"सुरुवातीला तो झोपेतून उठतोय," आई सांगायला लागली. "लहानपणापासून असाच, कण्हत कुथत. पुढं काठी वाजते. मग तो पाय ओढल्याचा आवाज, लॉरीखाली आला होता तो पाय. शेवटी तर कुणाशी तरी भांडतोयसुद्धा. मेलेला माणूस पाय ओढत चालतो होय? म्हटलं, आता बिरागो ह्याला घेऊन पळत येणार, म्हणून कंद शिजत टाकले."

"मग ह्यांना आल्या आल्या सांगायचं नाही का?" मामा चिडले.

"पाहुण्यांना मध्येच तोडायचं? एवढ्या लांबून आलेत बिचारे. आणि याम कोण संपवणार होतं?"

कुणीतरी हसलं. मग अख्खं अंगण हसलं. मी तशीच उभी होते. "आई, तू माझी सगळी धून ऐकलीस?"

"हीच काय, सगळ्याच ऐकते. दर वेळी दुफीला लावायला सांगते."

"आणि म्हणतेस भांडी पडल्यासारखं वाजतं!"

"वाजतंच. पण कुणाच्या घरची भांडी, ते मला कळतं."

सबंध वाटेत माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता मी त्या अंगणात फतकल मारून बसले आणि असा हंबरडा फोडला, की काळ्या वस्त्रांतल्या बायका धावत आल्या. रडायला म्हणून आलेल्या त्या, त्यांना एकदाचं कुणीतरी सापडलं.