भिंतीला टेकलेले दार

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. एका रंगाऱ्याच्या घराचा, आणि तरीही बिनरंगाचा. साऱ्या गावाच्या भिंती उजळणाऱ्या माझ्या धन्याला स्वतःच्या दाराकडे बघायला कधी सवड झाली नाही. बायकोने टोमणा मारला की तो म्हणे, उरलेला रंग येऊ दे, लावतो. रंग उरायचाही, पण दर वेळी निराळा आणि वाटीभरच.

सुताराने मला जाड फळ्यांचा केला आणि आतल्या अंगाला आडव्या पट्ट्या ठोकल्या. त्यांतल्या खालच्या पट्टीला धरूनच रंगाऱ्याची लेक उभी राहायला शिकली. तिच्या तेलकट बोटांचे डाग अजून तिथे आहेत. आईने सगळे घर पुसले, तेवढे डाग मात्र कधी पुसले नाहीत.

एका सकाळी रंगारी समोरच्या इस्त्रीवाल्या मावशींची भिंत रंगवत होता. शिडीचा पाय घसरला. मी समोरच होतो, सगळे पाहिले, पण दरवाजाला धावता येत नाही. मांडीचे हाड मोडले होते. त्याचा धाकटा भाऊ रिक्षा आणायला निघाला, तेव्हा मावशींनी त्याला अडवले. "बसवू नका त्याला. आडवाच न्यायचा."

आडवा, पण कशावर? रंगाऱ्याच्या बायकोने इकडेतिकडे पाहिले आणि तिची नजर माझ्यावर थांबली. दिराने बिजागऱ्यांच्या खिळी उपसल्या. जन्मभर उभा असलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा आडवा झालो. माझ्यावर गोधडी पडली, गोधडीवर माझा धनी, आणि आम्ही दोघे एका टेम्पोत चढलो. लेक मावशींच्या कडेवर राहिली. घराच्या चौकटीला कुणीतरी चादर बांधली.

जवळच्या दवाखान्याची दारे काचेची होती. कुणी पुढे आले की ती आपोआप बाजूला सरकत. मला वाटले, किती भली दारे, कडी नाही की कोयंडा नाही. पण आत गेल्यावर पहिला प्रश्न आला तो विम्याचा. विमा नव्हता. मग आगाऊ भरायची रक्कम सांगितली गेली, आणि ती वहिनी-दिरांच्या आवाक्याबाहेरची होती. एका तरुण डॉक्टरने मात्र पाय फळीला नीट बांधून दिला, दुखणे कमी करायचे इंजेक्शन दिले आणि हळूच म्हणाला, "ताई, इथे वेळ घालवू नका. मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या." काचेची दारे पुन्हा आपोआप उघडली. बाहेर जायलाही ती तितक्याच तत्परतेने उघडतात, हे तेव्हा कळले.

सरकारी दवाखान्यात गर्दी होती, पण त्याला खाट मिळाली. पायाला वजन लटकवले गेले. मला बाहेरच्या लांब बोळात भिंतीला टेकवून ठेवले. तिथूनच मी डॉक्टरांचे बोलणे ऐकले. हाडात सळई घालावी लागेल. शस्त्रक्रियेला पैसे पडणार नाहीत, पण सळई बाहेरून विकत आणावी लागेल. लवकर झाले नाही तर पाय आखूड राहील आणि पुन्हा शिडी चढणे व्हायचे नाही.

दोघे माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. दीर म्हणाला, "वहिनी, घरी नेऊ दादाला. हाड बसवणारे एक आहेत ओळखीचे. तेल लावून पट्टा बांधतात."

तिने माझी कडी घट्ट धरली आणि म्हणाली, "संध्याकाळपर्यंत थांबा, भाऊजी."

ती खाटेशी गेली आणि इकडे एक गंमत झाली. एक आजोबा बोळातून आले आणि मला पाहून माझ्यापुढे थांबले. कडी-कोयंड्यासकट बंद दार, त्यात दवाखाना. आत डॉक्टर असणारच. त्यांच्यामागे एक बाई उभी राहिली, तिच्यामागे आणखी कुणी. रांग कशाची आहे, असे विचारणाऱ्याला आजोबा खात्रीने सांगत, "आत एकाला तपासतायत." पुढे नंबरावरून दोघांत थोडी बाचाबाचीही झाली. मी काय बोलणार?

रांगेने वाट अडली तेव्हा बोळाच्या टोकाकडून चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. त्या दवाखान्याच्या समाजसेविका होत्या. त्यांनी मला पुढे ओढून मागे पाहिले. मागे भिंत.

आजोबा शांतपणे म्हणाले, "तरीच म्हटलं, आतला माणूस बाहेर कसा येत नाही."

हशा पिकला. रांग पांगली. बाईंनी विचारले, "हे दार कुणाचं?"

"आमचं," आतून आलेली रंगाऱ्याची बायको ओशाळून म्हणाली.

"मग घराला काय आहे?"

"चादर."

बाईंचे हसू मावळले. त्यांनी तिला बाकावर बसवले आणि सगळे ऐकून घेतले. मग सांगितले की ज्यांना सळई परवडत नाही त्यांच्यासाठी दवाखान्यात मदतनिधी आहे, आणि ते काम त्यांच्याकडेच असते.

"हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, ताई."

"त्या टोकाला, मोडक्या खाटांच्या मागे माझी खोली आहे," बाई म्हणाल्या. "खरं दार आहे तिथे. त्याच्यापुढे कधी रांग लागत नाही."

सळई मिळाली. शस्त्रक्रिया झाली. टेम्पोतून घरी येताना मला पुन्हा चौकटीत लावायचे ठरत होते, पण धन्याला कडक बिछाना हवा होता. म्हणून मी खाटेवर, गादीखाली गेलो. बरेच दिवस घर चादरीवरच राहिले. मावशी चादर सारून कधीही डोकावत, म्हणत, "दार नसलेलंच बरं गं, कडी वाजवायचा त्रास नाही."

आता मी माझ्या चौकटीत परत उभा आहे. पहिल्या दिवशी रंगारी कुबडी बाजूला ठेवून माझी आडवी पट्टी धरून उभा राहिला. लेक शेजारी उभी होती. तिने आपली जुनी खालची पट्टी धरून दाखवली आणि बापाला म्हणाली, "असं धरायचं. मग नाही पडत."

मित्रांनो, कडीला तेल घाला, फळ्यांना वाळवी लागू देऊ नका, एवढे तर कुठलाही दरवाजा सांगेल. माझे मागणे निराळे आहे. घरावर संकट आले तर पहिल्या दारावरून मागे फिरू नका. विचारा, पुन्हा विचारा, बोळाच्या टोकापर्यंत जा. आणि तुम्ही मोठे होऊन एखाद्या दाराच्या आत बसाल, तेव्हा मधूनमधून बाहेर येऊन पाहा, कुणी भिंतीपुढे तर उभे नाही ना.

हो, मला रंगही लागला. स्टुलावर बसून, हात पोचेल तिथपर्यंत, धन्याने मला निळा केला. फक्त खालच्या पट्टीवरचे बोटांचे डाग सोडले. वरचा भाग कोराच आहे. तिथे शिडी लागते, आणि शिडी त्याच्या बायकोने मावशींच्या घरी कुलपात ठेवली आहे. तो रोज मागतो. ती रोज म्हणते, "आधी अंगणातून चालून दाखवा."

काल तो कुबडीशिवाय मावशींच्या दारापर्यंत गेला.