हवेतले तास

"चार तास" हे शब्द कोणी नुसते उच्चारले तरी आता माझं डोकं फिरतं.

दादा परदेशी नोकरीला निघाला तेव्हा अप्पांनी विचारलं होतं, "किती लांब रे?" तो म्हणाला, "अडीच हजार किलोमीटर. विमानाने चार तास." झालं. अप्पांनी जन्मभर बस चालवलेली. त्यांच्या लेखी चार तास म्हणजे चार तास. डेपोत जायचं, बसायचं, गाडी हलली की पोचलोच. शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, दिसेल त्याला तेच सांगत सुटले. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, हे मात्र त्यांनी कधी कौतुकाने कोणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही.

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी अप्पांच्या पायाची पट्टी सोडली. साखरेने बोटं काळी पडली होती. म्हणाले, "दुपारपर्यंत ऑपरेशन केलं तर बोटांवर भागेल. उशीर केलात तर कुठवर जाईल, सांगता येत नाही."

"करा," मी म्हटलं.

"थांबा," अप्पा म्हणाले. "थोरल्याला फोन लाव. जेवायच्या वेळेला इथे असेल. तो आला की मी सही करतो."

मी रागावले, हातापाया पडले. म्हटलं, "अप्पा, पाय तुमचा आहे, दादाचा नाही." ढिम्म हलले नाहीत. माणूस शुद्धीवर असून नको म्हणतोय म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करणार.

दादा लगेच निघाला, खोटं कशाला बोलू. पण सरळ विमान आठवड्यातून दोनदाच, आणि सोमवार त्यात नाही. मधल्या शहरात उतरायचं, तिथे रात्र काढायची, पुढचं विमान सकाळी. इतकी वर्षं ये-जा करणाऱ्याला हे माहीत नव्हतं?

"मग चार तास कसले सांगत होतास?" मी फोनवर विचारलं.

"हवेतले गं."

हवेतले! आम्ही इथे जमिनीवर बसलोय ना वाट बघत.

अप्पांना सांगितलं तर म्हणाले, "गाडी बदलायची तर बदलेल. संध्याकाळपर्यंत पोचतोच." संध्याकाळी त्यांना ताप चढला, असंबद्ध बडबडायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे धरला. दिवसभर मला कोणी विचारत नव्हतं, आता माझी सही चालली. पाय गुडघ्याच्या वरून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आला. अप्पांनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर "दमलास का रे?" दादा ढसाढसा रडला. मग मला म्हणाला, "तू तरी त्यांचं ऐकायला नको होतंस." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात नर्स आली. "घरी गेल्यावर रोज पट्टी कोण बदलणार?"

बापलेकांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हटलं. "थोरल्याला विचारा ना."

अप्पांनी मान भिंतीकडे फिरवली. दादा हळूच म्हणाला, त्याचं परतीचं तिकीट रविवारचं आहे.