कोणाच्या पाठीवरचे किलोमीटर

मित्रांनो, सुरुवातीलाच हिशेब सांगून टाकतो. माझ्या मालकाला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, क्लबशी आणखी एका वर्षाचा करार. त्यासाठी मी रोजच्या सरावात सात किलोमीटर दाखवायला हवे होते. आणि माझी खोड अशी, की जेवढं झालं तेवढंच सांगायचं.

मी एक जुना ट्रॅकर आहे. काडेपेटीएवढा, काळा, अंगावर आठ नंबरचं स्टिकर. फुटबॉलपटू शर्टाच्या आत घट्ट बनियन घालतात. तिला दोन खांद्यांच्या मधोमध एक खिसा असतो, तेच माझं घर. कोण किती धावला, किती जोरात धावला, हे मी मोजतो. कारखान्यात जन्मल्या जन्मल्या मला गदागदा हलवून पाहिलं होतं. तेव्हापासून जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

मालकही तसाच मिळाला. मधल्या फळीतला खेळाडू, सगळे त्याला भोवरा म्हणत. पुढचे गोल करतात, मागचे गोल अडवतात. मधल्याने दोघांची कामं करायची आणि फोटोत कडेला उभं राहायचं. जेवतानाही त्याचा पाय टेबलाखाली हलत असे. नवरा केला की शिलाई मशीन, असं त्याची बायको विचारायची. सहा हंगाम मी त्याच्या पाठीवर काढले. भिंतीवरच्या यादीत आठ नंबर कायम वर. याच्या निम्मं तरी पळा, असा टोमणा कोच इतरांना मारत, आणि मी खिशात फुगून बसे.

मग चौतिसाव्या वर्षी त्याचा गुडघा कुरकुरू लागला. साताचे साडेपाच झाले. गंमत म्हणजे खेळ बिघडला नव्हता. चेंडू येण्याआधी दोनदा मान वळवून बघायचं आणि तीन पावलांत नेमक्या जागी पोचायचं, हे त्याला आत्ता कुठे साधलं होतं. पण मान वळवण्याचे किलोमीटर होत नाहीत. आमच्याकडची माहिती संगणकात बघणाऱ्या बाईंना सगळे आकडेबाई म्हणत. त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं, की यंदाचे करार महिनाअखेरच्या यादीवर ठरतील.

भोवऱ्याने दोन दिवस घरभर येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी मैदानावर आला. आम्ही ट्रॅकर ट्रेमध्ये चार्ज होत होतो. त्याने नखाने माझं स्टिकर सोललं, चौदा नंबरचंही सोललं, आणि अदलाबदल केली. संगणकाच्या लेखी मी आठच होतो, पण आता मला उचलणार होता चौदा नंबरवाला.

तो म्हणजे चिमटा. मधल्या फळीतलाच, सव्वीस वर्षांचा, समोरच्याला धरला की सोडत नसे. पळताना शीळ घालण्याइतका दम. त्याच्या पाठीवर मी सव्वासात मोजले, ते भोवऱ्याच्या नावावर चढले. भोवऱ्याचे साडेपाच चिमट्याच्या माथी पडले. भोवऱ्याने मनाची समजूत घातली, की पोराचं काय जातंय? दुसऱ्या क्लबकडून उसना आणलेला असला, तरी त्याला इथेच ठेवून घेणार हे पक्कं आहे. सगळेच तसं धरून चालले होते. पक्कं काहीच नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात आकडेबाईंनी चिमट्याला बोलावून घेतलं. शीळ बंद झाली. बाकीचे पाणी पीत तेव्हा हा एकटा फेऱ्या मारू लागला. आणि मित्रांनो, तो जितका पळे, तितका भोवरा तरुण होत जाई. यादीत आठ नंबर वर सरकत राहिला. चिमट्याचे साडेपाच जागचे हलेनात. मी त्याच्या पाठीवर तळमळत होतो, पण एका हिरव्या दिव्याशिवाय मला वाचा नाही.

चौथ्या आठवड्यात मांडीला बर्फ बांधून चिमटा भोवऱ्याशेजारी येऊन बसला.

"दादा, हसू नकोस. मी पळतोय असं मला नुसतं वाटतं का रे?"

भोवरा बुटाची नाडी सोडत होता. ती त्याने परत बांधली.

"पळतोस. फार पळतोस. ते माझ्या नावावर जातंय."

आणि त्याने स्टिकरचं सगळं सांगितलं. चिमट्याने मांडीवरचा बर्फ सोडून बाजूला ठेवला.

"गेल्या आठवड्यात मी तुलाच विचारलं होतं, दम कसा वाढवू."

"हो."

"आणि तू सांगितलंस."

"हो."

भोवरा उठून कोचकडे गेला. कोचनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "साडेपाच घेऊन आला असतास, तर मी तुझ्यासाठी भांडलो असतो."

आता माझी बॅटरी थकली आहे, मी ड्रॉवरमध्ये पडून असतो. ड्रॉवर उघडला की अजून वाटतं, चला, निघायचं. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. याद्या खुशाल लावा, पण आकडा वाचण्याआधी तो माणूस पळताना एकदा आपल्या डोळ्यांनी बघा. त्या चार आठवड्यांत माझा एकही आकडा चुकला नव्हता.

चिमट्याचा करार झाला, भोवऱ्याचा झाला नाही. सही करताना त्याचा पाय समोरच्या खुर्चीवर होता. जास्तीच्या फेऱ्यांनी मांडीचा स्नायू फाटला होता, आणि पुढचा अर्धा हंगाम तो बाहेर बसला. म्हणजे दंडात वर्ष भोवऱ्याने भरलं, मांडी चिमट्याने. यादीने काहीच भरलं नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी नव्याने लागली.