पाचवा घाणा

डुकरीनंसुद्धा तोंड फिरवलं, तेव्हा मात्र इलारियोचं डोकं फिरलं. चौथ्या घाण्याची चिचा त्यानं तिच्यापुढं ओतली होती. मक्याची ही दारू म्हटली की क्लिसा गावातली डुकरंही माणसांसारखी धावून येतात, आणि ही बया नाक उडवून सावलीत जाऊन पडली. इलारियोनं रिकामी बादली कुंपणावर भिरकावली.

"पी! गिळ!" तो ओरडला. "ती गेली मला सोडून, आता तूही नखरे कर!"

ती म्हणजे त्याची बायको, फिदेलिया. तिला जाऊन वर्ष व्हायला एकोणीस दिवस उरले होते. चर्चमध्ये वर्षाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली की काळे कपडे उतरवायचे आणि अंगणात जमलेल्यांना चिचा पाजायची, ही त्या खोऱ्यातली रीत. बाकीचे लोक सरळ दुकानातून पिंप उचलतात. इलारियोला ते तोंड उरलं नव्हतं. दफनाच्या दिवशी मेव्हणी प्रिमितिवा चारचौघांत बोलली होती, "एकतीस वर्षं माझी बहीण चुलीपुढं भाजून निघाली, मिस्त्री. तुम्ही एक दिवस लाकूड तरी उचललंत का?" बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. रागाच्या भरात तो म्हणून बसला, "वर्षाची चिचा मीच करीन. तिच्याच रांजणात!"

आयुष्यभर त्यानं ट्रकांचे ब्रेक दुरुस्त केले. ब्रेक बिघडला की खोला, पुसा, तासाभरात रोग हातात येतो. चिचेला काही विचारावं तर ती आठ दिवसांनी उत्तर देणार, आणि तेही नाही म्हणून. फार वाया जाऊ नये म्हणून तो एका वेळी पंधराच लिटर करायचा. पहिल्या खेपेला मोड आलेल्या मक्याला बुरशी धरली. दुसऱ्या खेपेला जाळ जास्त झाला नि रस बुडाला करपला. तिसऱ्या खेपेला अधीरपणानं दर तासाला झाकण उघडलं, आणि रसात माश्या पडल्या. चौथ्या खेपेला मात्र त्यानं एकही चूक केली नव्हती. तरी पाच दिवसांत एक बुडबुडा नाही. नुसतं गोडसर, मेलेलं पाणी.

"मिस्सेला काय पाजणार आहात?" फाटकातून प्रिमितिवाचा आवाज आला. तिची नजर बादलीवर, मग डुकरीवर गेली. "हिनं तर उत्तर दिलंय म्हणा."

"मका सडका निघाला, अक्का."

"मका माझ्या शेतातला आहे."

"मग पाणी वाईट. लाकूड ओलं. आणि तुमची बहीण! एक अक्षर सांगून गेली नाही मला!"

प्रिमितिवानं त्याला ढकलूनच कोठी गाठली. रांजण छातीइतका उंच होता, दोघी बहिणींच्या आईकडून आलेला. तिनं आत डोकं घातलं आणि हुंगलं. पुन्हा हुंगलं. डोकं बाहेर काढलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"कसला वास येतोय ह्याला?"

"कसला येणार? स्वच्छतेचा."

"घासलात तुम्ही?"

"घासला म्हणजे? लखलखीत केलाय!" इलारियोला वाटलं, निदान इथं तरी शाबासकी मिळेल. "दफनानंतर माश्या घोंघावत होत्या. आत बोटभर काळा मळ बसलेला. तारेच्या ब्रशानं खरवडून काढला. मग ब्लीच ओतून दोन दिवस ठेवलं."

प्रिमितिवानं रांजणाच्या आतून हात फिरवला.

"तो मळ नव्हता रे," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून अरेतुरे आलं. "चिचा त्याच्यातच जिवंत असते. आईनं धरलेला गाळ होता तो. फिदेलिया रांजण रिकामा झाला की नुसत्या पाण्यानं विसळायची, हात लावायची नाही. मूर्खा, तू तिला दुसऱ्यांदा पुरलंस!"

"मग सांगायचं होतं तिनं!"

"तू विचारलंस कधी? वाटी पुढं करायचास आणि भर म्हणायचास!"

"मला काय ठाऊक! तुमच्याकडचा गाळ द्या थोडा."

"माझा गाळ? तुझ्या हातात? आधी डुकरीचा विश्वास मिळव!" आणि ती शालीला डोळे पुसत निघून गेली.

इलारियोनं रांजणावर लाथ उगारली आणि पाय खाली घेतला. तो कोणावर चिडला होता, हे आता त्याला नीट कळलं, आणि कळल्यानं राग तसूभरही कमी झाला नाही. तारेचा ब्रश अजून हातात असल्यासारखे त्याचे तळवे जळत होते.

दुसऱ्या सकाळी त्यानं रांजण काठोकाठ पाण्यानं भरला. रोज उपसायचा, हुंगायचा, स्वतःला शिव्या घालत पुन्हा भरायचा. माती प्यालेलं ब्लीच माती सावकाशच सोडत होती. नवव्या दिवशी वास गेला. मग नवा गाळ धरावा म्हणून त्यानं मोडाच्या मक्याची पेज आतून हातानं लिंपली, रांजणाच्या तोंडावर विरळ फडकं बांधलं, आणि हात बांधून बसला. हे बसणं त्याला सगळ्यात जड गेलं. तीन दिवसांनी आंबूस वास आला, तेव्हा पाचव्या घाण्याचा निवलेला रस ओतला. पहिला दिवस शांत. दुसरा दिवस शांत. झाकणाकडं गेलेला हात त्यानं चार वेळा मागं ओढला. तिसऱ्या दिवशी दुपारी इंजिन ऐकतात तसा रांजणाला कान लावला. आत काहीतरी बारीक कुजबुजत होतं. "आता सुचलं बोलायचं?" तो खेकसला, आणि कान तसाच लावून बसला.

मिस्सेनंतर अंगण भरलं. प्रिमितिवा भिंतीशी बसली. इलारियोनं रीतीप्रमाणे धरणीमातेचे पहिले थेंब जमिनीवर सांडले आणि सगळ्यांच्या हातात चिचा भरलेल्या तुतुमा, म्हणजे भोपळ्याच्या वाट्या, दिल्या. शेजारच्या नासारियोनं घोट घेतला, डोळे मिटले.

"वा मिस्त्री! अगदी फिदेलियाच्या हातची!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. इलारियोनं नुसतं हं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नाही," इलारियो म्हणाला. "तोंडदेखलं बोलू नका. तिची चिचा मेली. रांजण घासून मीच मारली. अडाण्यासारखी, लख्ख करून मारली. ही माझी आहे. पटत असेल तर प्या, नाहीतर ओता."

नासारियो वाटीत बघत राहिला. प्रिमितिवानं वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि न थांबता तळापर्यंत प्याली. ओठ पुसले.

"आंबट आहे," ती म्हणाली, आणि जागची उठली नाही.